शेडच्या पायात वरची जाळीही हवी

संपादक महोदय,

वळवाच्या वाऱ्याने खानापूर, बेळगाव, निपाणी भागातील शेड उलटल्या की दोष पत्र्याला दिला जातो. पाया कोणी उकरून पाहत नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे सेकंदाला ४० मीटर वेगाला तो दर चौरस मीटरला सुमारे ९८ किलो भरतो.

आपल्याकडे फूटिंगमध्ये, म्हणजे खांबाखालच्या काँक्रीटच्या रुंद पायथ्यात, बहुधा तळाचीच सळयांची जाळी घालतात. खांबाच्या ओझ्याला ती पुरते. पण वारा छत उचलून खांबाला वर ओढू लागला की फूटिंगच्या बाहेर आलेल्या भागावर भरावाचे वजन पडून ताण वरच्या बाजूला येतो आणि तिथे सळई नसेल, तर काँक्रीट तडकते. म्हणून ५० मिलिमीटर कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) राखून वरही जाळी घातलीच पाहिजे, आणि भराव थराथराने चोपला पाहिजे. शिवाय पावसाळ्यात पाया पाण्याखाली गेला, तर पाण्याच्या उचलीमुळे घनमीटरमागे २४०० किलोच्या काँक्रीटचे सुमारे १४०० किलोच वजन उपयोगी पडते, हे फार थोडे जण हिशेबात धरतात.

आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात वाऱ्याच्या भाराची रीत दिलेली आहे. ग्रामपंचायतींनी मोठ्या शेडना परवानगी देताना पायाचा हा हिशेब मागून घ्यावा, ही कळकळीची विनंती.

— एक स्थापत्य अभियंता, खानापूर