माझं बीज तयार होतंय का, हे शोधून काढणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

अजून मला दिवस गेलेले नाहीत. तरी हे पत्र आत्ताच लिहायला घेतलं, कारण पुढे काय होईल ते होवो, तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते करून झालेलं आहे. माझ्या शरीरात बीज तयार होतं का, होत नसेल तर का होत नाही, हे तुम्ही शोधलंत आणि मला समजेल असं सांगितलंत. आभार त्याचे मानायचेत. उघडपणे अशासाठी, की माझ्यासारखीच पाळी असणारी एखादी हे वाचेल आणि उद्याच अपॉइंटमेंट घेईल.

माझी पाळी पहिल्यापासूनच लहरी. कधी सव्वा महिन्याने, कधी दोन-अडीच महिन्यांनी. आम्ही चान्स घ्यायला लागलो तेव्हा ज्याला त्याला एकच सल्ला सुचायचा, वर्षभर वाट बघा. तुम्ही पहिल्याच भेटीत म्हणालात, "अगं, वर्षभराचा हिशोब पाळी वेळेवर येणाऱ्या, पस्तिशीच्या आतल्या मुलींसाठी आहे. पस्तिशीनंतर सहा महिने. आणि पाळीच वेळेवर नसेल, तर थांबायचंच नाही, लगेच यायचं." इतकं साधं वाक्य, पण तोवर मला ते कुणीही ऐकवलेलं नव्हतं. उतावीळ म्हणवून घेण्याची भीती त्या वाक्याने गेली.

तुमच्याकडे येण्याआधी मी एके ठिकाणी दाखवलं होतं. तिथे पाळी यायच्या गोळ्या मिळाल्या. पाळी आली, मला बरं वाटलं, पुढच्या वेळी पुन्हा तेच. गोळ्या थांबवल्यावर होणारा रक्तस्राव म्हणजे बीज बाहेर पडल्याची खूण नव्हे, हे तुमच्याकडे कळलं. तिथेच पाळीच्या एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे बीज बाहेर पडल्यावर वाढणाऱ्या हार्मोनची, रक्त तपासणी झाली होती आणि आकडा कमी आला म्हणून मी खचून गेले होते. तो रिपोर्ट तुम्ही उलटा केलात आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पेनने दोन आडव्या रेघा ओढल्यात. एक अठ्ठावीस दिवसांची, दुसरी बरीच लांब. दोन्ही रेघांच्या शेवटाकडून मागे मोजत सुमारे चौदा दिवसांवर एकेक टिंब दिलंत. बीज बाहेर पडतं ते इथे, म्हणालात, आणि प्रोजेस्टेरॉन बघायचं ते पुढची पाळी यायच्या साधारण आठवडाभर आधी. अठ्ठावीस दिवसांच्या रेघेवर तो दिवस एकविसावा येतो. माझ्या लांब रेघेवर एकविसावा दिवस टिंबाच्याही आधी पडत होता. म्हणजे बीज बाहेर पडायची वेळ यायच्या आधीच आम्ही त्याचा पुरावा मागत बसलो होतो! त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नव्हतं, आणि मी मात्र त्यावर कितीतरी रात्री काढल्या होत्या.

घरी करायच्या ओव्ह्युलेशनच्या पट्ट्यांचंही तसंच. माझ्या पट्टीवर वरचेवर दोन ठळक रेषा यायच्या आणि दर वेळी आशा वाटायची. ती पट्टी फक्त लघवीतलं एलएच, म्हणजे बीज बाहेर पडायच्या आधी वाढणारं हार्मोन, वाढलेलं दाखवते, बीज खरंच बाहेर पडलं का हे तिला कळत नाही, आणि पीसीओएसमध्ये, म्हणजे हार्मोन्स बिघडून बीज वेळेवर तयार न होण्याच्या त्रासात, एलएच मुळातच चढं असू शकतं म्हणून ती फसवते, हे तुम्ही समजावलंत. त्या दिवशी घरी जाऊन मी उरलेल्या पट्ट्या टाकून दिल्या. सकाळ उजाडली की पहिलं काम पट्टीचं, ते थांबलं.

मग तुम्ही कारण शोधायला घेतलंत. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, पुरुषी हार्मोन्स, सोनोग्राफी. प्रत्येक तपासणी कशासाठी हे आधी सांगून मगच चिठ्ठी लिहिलीत. पीसीओएस निघालं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवरून 'अंडाशयात गाठी' एवढंच मनात बसलं होतं. तुम्ही स्क्रीन माझ्याकडे वळवलात आणि ते छोटे काळे ठिपके दाखवलेत. ती वाढता वाढता मध्येच थांबलेली फॉलिकल्स, म्हणजे बीज ज्यात वाढतं त्या छोट्या पिशव्या आहेत, काढून टाकायचं असं त्यात काही नाही, हे डोळ्यांनी पाहिल्यावर पटलं. वजनाबद्दलही तुम्ही एकदाच बोललात. जास्त असेल तर पाच ते दहा टक्के उतरलं तरी बीज आपणहून तयार व्हायला लागू शकतं, असं. दर भेटीत तो विषय काढून मला लाजवलं नाहीत, याचे आभार वेगळे.

आणि माझ्या नवऱ्याची तपासणी! माझ्यात दोष सापडलाय तर त्यांची कशाला, असं घरात बोललं गेलं. तुम्ही मात्र त्याला समोरच्या खुर्चीत बसवून सांगितलंत की एक कारण सापडलं म्हणून दुसरं नसेलच असं नाही, आणि हिला गोळ्या देण्याआधी तुझा रिपोर्ट मला हवा. तो गेला, रिपोर्ट नॉर्मल आला. पण त्या दिवसापासून हे दुखणं माझ्या एकटीचं राहिलं नाही. बीज जेमतेम बारा ते चोवीस तास टिकतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत राहू शकतात, म्हणून बीज बाहेर पडण्याच्या आधीचे दिवस महत्त्वाचे, हेही तुम्ही आम्हा दोघांना समोर बसवून, आडवळण न घेता सांगितलंत.

बीज तयार व्हावं म्हणून तुम्ही लेट्रोझोलच्या गोळ्या दिल्यात, तेव्हाचा माझा फोन तुम्हाला आठवत असेल. औषधाबद्दल वाचायला गेले तर ते स्तनाच्या कर्करोगावरचं निघालं. माझा आवाज थरथरत होता. तुम्ही घाई केली नाहीत. ही गोळी इस्ट्रोजेन तात्पुरतं कमी करते, ते कमी झालेलं पाहून मेंदूकडून एफएसएच हे फॉलिकल वाढवणारं हार्मोन जास्त सुटतं आणि त्याच्या जोरावर फॉलिकल वाढतं, असं टप्प्याटप्प्याने सांगितलंत. पाळीच्या सुरुवातीला पाचच दिवस घ्यायची, हेही. नंतर मी स्वतः वाचलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रिया होत्या. लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के जणींना बाळ झालं, त्याच कामासाठीच्या जुन्या क्लोमिफीन गोळीवर १९.१ टक्के जणींना. तुम्ही जे निवडलंत त्यामागे काय आहे हे कळलं. चारातल्या साधारण एकीलाच, हेही कळलं, आणि तुम्ही मला कधीच खोटी आशा का दाखवली नाहीत तेही.

सोनोग्राफीच्या त्या खोलीबद्दल लिहायलाच हवं. आतून सोनोग्राफी करायची म्हटलं की अंग आखडतं, कितीही वेळा झाली तरी. तुम्ही दर वेळी विचारायचात, "सुरू करू ना?" आणि मी हो म्हणेपर्यंत थांबायचात. सिस्टर चादर नीट ओढून द्यायच्या, खांद्यावर हात ठेवायच्या. एकापेक्षा जास्त फॉलिकल्स वाढली तर जुळ्यांची शक्यता वाढते, म्हणून प्रत्येक बाजू बारकाईने बघायचात. मग एके दिवशी उजव्या बाजूला एक फॉलिकल एकोणीस मिलिमीटरचं दिसलं. त्याच्या दोन कडांवर दोन फुल्या ठेवून तुम्ही मोठ्याने माप वाचलंत आणि सिस्टरनी ते लिहून घेतलं. ते फुटावं म्हणून दिलेल्या इंजेक्शननंतरच्या सोनोग्राफीत ते तिथे नव्हतं. "फुटलं बघ," तुम्ही म्हणालात. माझ्या शरीराला हे जमतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या वेळी पाळी आली, रडलेही. पण आधीच्या वर्षांत रडण्याला काही ठावठिकाणाच नव्हता. आता पुढची पायरी माहीत आहे. असं आणखी काही वेळा करू, नाही जमलं तर गर्भनलिका तपासू आणि मग पुढचं ठरवू, असं तुम्ही सांगून ठेवलंय.

एक विनंती आहे. रिपोर्टच्या पाठीवर काढलेल्या त्या दोन रेघा मोठ्या कागदावर काढून बाहेर बाकांसमोर लावाल का? तिथे हातात फाइल धरून बसलेल्या कितीतरी जणींच्या फाइलमध्ये एकविसाव्या दिवसाचा तसलाच रिपोर्ट असेल. तुम्हाला वेळ नसेल तर मी काढून आणते, टिंबं बरोबर पडलीत का तेवढं तुम्ही बघा.

सिस्टरना माझा नमस्कार सांगा.

तुमची,
सोमवारची एक पेशंट