द्रासमधल्या त्या सकाळसाठी, उस्ताद

आदरणीय उस्ताद,
सप्रेम नमस्कार.

आधी तुमची बदली झाली, मग माझी. तुमचा नंबरही हरवला. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितोय, कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल.

कारगिलजवळच्या द्रासमधली डिसेंबरातली ती सकाळ तुम्हाला आठवते का, माहीत नाही. मला ती रोज आठवते. माझी स्टॅलियन, फौजेचा ट्रक, सेल्फ घेत नव्हती. चावी फिरवली की खालून नुसतं टक्, टक्. लाईट मात्र लख्ख, हॉर्न खणखणीत. तरी सगळ्यांचा निकाल ठरलेला: ड्रायव्हरने रात्री लाईट चालू ठेवला आणि बॅटऱ्या उतरवल्या. मी नाही नाही म्हणत होतो, पण दोन वर्षं नोकरी झालेल्या पोराचं कोण ऐकतंय? रिपोर्ट होणार, रजा जाणार, आईला काय सांगू, एवढंच डोक्यात होतं.

तुम्ही ई.एम.ई.चे, म्हणजे फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलाचे हवालदार. आलात आणि मला एक शब्दही बोलला नाहीत. आधी हायड्रोमीटर, बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायची नळी, काढलात. चोवीस व्होल्टची गाडी, बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या, म्हणजे बारा सेल. एकेक तपासलात. सगळीकडे १.२९०च्या आसपास. "थंडीत ॲसिड घट्ट होतं, आकडा चढा दिसतो. पंचवीस-तीस पॉइंट वजा कर," म्हणालात. वजा करूनही बॅटऱ्या भरलेल्याच होत्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललात, "रात्री उतरल्या असत्या तर ॲसिड पातळ होऊन एव्हाना आत बर्फ झाला असता." उस्ताद, त्या एका वाक्याने माझ्या छातीवरचा दगड उतरला.

व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर तुम्ही जॅकेटच्या आत, अंगाशी धरून आणला होता, कारण गारठ्यात त्याचे आकडे हलत नाहीत. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन थेट इंजिनच्या ब्लॉकवर, आणि मला चावी फिरवायला लावलीत. चांगल्या गाडीत तिथे फार तर अर्धा व्होल्ट दिसावा. आकडा अकराच्या वर उडाला. सेल्फला मिळायचा करंट परतीच्या वाटेवरच अडत होता. लाईट-हॉर्नची अर्थ, म्हणजे करंट परतायची जोडणी, चासीवर, गाडीच्या सांगाड्यावर असल्याने ते बिनघोर चालत होते, आणि त्यांच्याकडे बघूनच आम्ही सगळे फसलो होतो. तुम्ही निगेटिव्हवरून एक जंपर केबल इंजिनच्या हुकाला लावलीत आणि पहिल्याच चावीला गाडी धडधडली.

इंजिन आणि चासीमधली अर्थची पट्टी उघडली तर दोन्ही टोकांच्या वायसरखाली हिरवा रंग. इंजिन उतरवून परत बसवताना कुणीतरी ती रंगावरच कसली होती. तुम्ही ती स्वतः घासली नाहीत. पॉलिश पेपर माझ्या हातात दिलात, लोखंड चमकेपर्यंत उभे राहिलात, बोटं बधिर झाली तेव्हा माझे हात तुमच्या हातमोज्यांत घातलेत. आणि जॉब कार्डावर लिहिलंत: अर्थ खराब, ड्रायव्हरची चूक नाही. ते शेवटचे तीन शब्द लिहायची तुम्हाला काही गरज नव्हती.

मला त्या वर्षी रजा मिळाली. त्यानंतर आठच महिन्यांनी आई गेली.

आता साताऱ्याकडे पाण्याचा टँकर चालवतो. गेल्या महिन्यात तोही असाच अडला. गॅरेजचा पोरगा म्हणाला, सेल्फ बदला. मी पिना लावल्या. अर्थ ठीक होती, या वेळी घोळ पॉझिटिव्हच्या बाजूला, बॅटरीच्या मेन स्विचमध्ये निघाला. पोरगं विचारत होतं, काका, हे कुठं शिकलात? त्याला द्रासपासून सगळं सांगितलं. चहा गार झाला.

उस्ताद, तेव्हा मी तुम्हाला नीट थँक्यूसुद्धा म्हणालो नव्हतो, गळा दाटला होता. मनापासून आभार. सातारा बाजूला आलात तर घरी या. तुमचे हातमोजे अजून माझ्याकडेच आहेत.

तुमचा,
स्टॅलियनवाला ड्रायव्हर