टाळू भरतच राहिले

महोदय,

बाळंतिणीच्या खुराकावरचा आपला लेख वाचला. डिंक, अळीव, खसखस, सगळं आलंय. ऊन तेवढं राहिलं, म्हणून हे पत्र.

गेल्या डिसेंबरात माझी सून बाळंत झाली. रामबागेतलं जुनं घर मोडून आम्ही फ्लॅटमध्ये आलो, तरी बाळंतिणीची खोली मी आईनं केली तशीच केली. सव्वा महिना पडदे ओढलेले, शेक, धुरी, वेखंड, काही सोडलं नाही. नातवाला रोज साडेसातला कोवळ्या उन्हात घेऊन बसे, पण गॅलरीला काचा. मालिशवाली एकदा म्हणाली, "आजी, याची टाळू जरा जास्तच मोठी लागते हो." मी म्हटलं, भरेल. आणि खोबरेल जिरवत राहिले.

दोन महिने व्हायच्या आत एका दुपारी बाळाची मूठ आवळली, डोळे वर गेले, डावा हात झटके देऊ लागला. शेजारीण कांदा फोडून घेऊन आली. मुलगा घरी होता म्हणून आम्ही थेट इस्पितळ गाठलं. रक्तात कॅल्शियम फारच कमी निघालं, ते शिरेतून द्यावं लागलं. मग आईचंही रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व ७! वीसच्या वर हवं म्हणे. हे ड उन्हातून मिळतं, आणि ते कमी पडलं की कॅल्शियम अंगी लागत नाही, टाळूही लवकर भरत नाही.

पोटात असताना बाळाचा साठा आईकडूनच येतो. पुढे अंगावरच्या दुधातही ड अगदी थोडं, लिटरभरात शंभर युनिटसुद्धा नसतं, आणि बाळाला रोज लागतं ४००. दूध आईचंच द्या, ड चे थेंब वरून द्या, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. सून दिवसभर बँकेत, स्कूटीवर जाताना इथल्या सगळ्या पोरींसारखा तोंडाला दुपट्टा, कोपरापर्यंत मोजे. तिला ऊन मिळणार कधी? गरोदरपणी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांत ड होतं, पण त्या लोहाच्या गोळीबरोबर घ्यायच्या नाहीत, या वेळा सांभाळण्यात निम्म्या डब्यातच राहिल्या.

माझ्या कोवळ्या उन्हाचं तर हसूच झालं. काचेतून ऊब येते, ड तयार करणारे किरण काचेतच अडतात. सकाळच्या तिरप्या उन्हात ते मुळातच कमी. आणि तान्ह्याला भर दुपारी उन्हात ठेवायचं नाही. राहिले थेंबच.

आता तक्रार. प्रसूतीनंतर घरी सोडताना मिळालेल्या कागदावर बीसीजी, पोलिओ, पुढची तारीख, बिलाचा पैन्‌पै हिशेब होता. थेंबांची एक ओळ नव्हती. तेवढी छापायला काय जातं? छापताना किती मिली तेही लिहावं, कारण बाटल्या दोन तऱ्हेच्या मिळतात, एका मिलीत ४०० युनिटच्या आणि ८०० च्या. दुसऱ्या खेपेला दुकानदारानं आम्हाला दुसरीच दिली. सुनेनं लेबल वाचलं म्हणून बरं, नाहीतर रोज दुप्पट गेलं असतं. फार झालं तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो.

नातू आता बरा आहे, भिंतीला धरून उभा राहतो. पुण्याची लेक बाळंतपणाला यायची आहे. तिचं ड तिथंच तपासून घ्यायला लावलं, औषध सुरू झालंय. खोली तीच देणार आहे. पडदे काढून धुवायला टाकलेत.

एक आजी,
इंदूर