चांदोलीला हो म्हणून आले

गुहागर, 9 मे

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं म्हणून तीनदा तोंडाशी आलं होतं. एकदा आई कैऱ्या चिरत होतीस, एकदा बाबांचा आवाज बसला होता, आणि परवा तुम्ही दोघं इतके खुशीत होतात की माझ्याच्यानं बोलवेना. म्हणून लिहिते आहे. आई, बाबांना चष्मा आणून दे आणि दोघांनी पडवीत बसून सावकाश वाचा.

माझा बदलीचा आदेश आला आहे. रत्नागिरीच्या ऑफिसात नाही. चांदोलीला, राष्ट्रीय उद्यानात, वनरक्षक म्हणूनच. हे कुणी माझ्यावर लादलेलं नाही, विनंती अर्ज मीच केला होता, जानेवारीत. तुम्हाला विचारलं नाही. काकूच्या तेराव्याला माझ्या नोकरीवरून जे बोलणं झालं त्यानंतर विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, आणि मला तुमचा शब्द मोडता आला नसता. जूनच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचं आहे.

आई, लगेच डोळ्याला पदर लावू नकोस. पुढे वाच.

इथे मी सुखात होते, हे खरंच आहे. तवसाळवरून फेरीबोटीत बसलं की जयगड, आणि तासाभरात तुझ्या हातची पेज. कासवांच्या हंगामात पहाटे किनाऱ्यावरून चालताना वाळूत कासविणीचा माग दिसला की अजूनही पोटात गलबलतं. घरटं शोधायचं, शंभर-सव्वाशे अंडी एकेक करून मोजायची, हॅचरीत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून पुरायची आणि पन्नासेक दिवस वाट बघायची. ओडिशात पराला टॅग लावलेली एक कासवीण 2025 च्या जानेवारीत आपल्या गुहागरला अंडी घालायला आली होती, तेव्हा बाबांनी कात्रण कापून ठेवलं होतं. ते काम सोडताना मला वाईट वाटतंय, ते तुमच्यापासून कशाला लपवू?

पण कासवं सोडली तर बाकी सगळीकडे मी उशिरा पोचते. फोन येतो तो बिबट्या तारेच्या फासकीत अडकल्यावर. वणवा सड्यावर चढल्यावर. खैर तोडून गाडी घाटापार झाल्यावर. मग मी जाते, पंचनामा लिहिते, सह्या घेते. चार वर्षं मी हेच केलं.

मागच्या महिन्यातली विहिरीची गोष्ट तुम्हाला अर्धीच सांगितली होती. आता पूर्ण सांगते.

काजूच्या बागेतली विहीर, कठडा नाही. रात्री कुत्र्यामागे धावताना बिबट्याची मादी आत पडली. सकाळी सहाला आम्ही पोचलो तेव्हा ती पंपाच्या पाइपाला पंजे रुतवून लटकली होती, नुसतं डोकं पाण्यावर. वाडीतली दोनशे माणसं भोवती. तुम्हाला वाटतं भीती जनावराची असते. बाबा, भीती त्या माणसांची असते. कुणी आत वाकतंय, कुणी पोराला खांद्यावर घेऊन मोबाइल धरतंय, एकाचा पाय घसरला तर दोन जीव. पहिला तास फक्त लोकांना मागे हटवण्यात गेला. मग दोन बाजूंना दोर बांधून फळी सोडली. ती तिच्यावर चढली आणि बसून राहिली, अंग थरथरत होतं. हातपाय थकलेल्या जनावराला आधी टेकायला जागा द्यायची, घाई करायची नाही, हे मला आमच्या फॉरेस्टर साहेबांनी शिकवलंय. नंतर पिंजरा खाली सोडला. त्याच्या दाराचा दोर माझ्या हातात होता. ती आत शिरेपर्यंत किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी फक्त तिचे मागचे पाय बघत होते, कारण शेपूट आत गेल्याशिवाय दार सोडायचं नाही. वर घेतली तेव्हा पिंजरा माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला. ओल्या गोणपाटासारखा वास, मिशांवर पाण्याचे थेंब, आणि कानाच्या मुळाशी दोन टंच गोचीड. ती गुरगुरलीसुद्धा नाही. डॉक्टरांनी तपासलं, आणि वरिष्ठांची परवानगी घेऊन रात्री जंगलात सोडली.

घरी येऊन मी खूप रडले. आनंद होताच, पण डोळ्यांपुढे आपली मागची विहीर होती. आई, तू पहाटे अंधारात कळशी घेऊन तिथे जातेस. बिबट्यानं आपल्या मोत्या कुत्र्याला नेलं ती रात्र मी विसरलेले नाही, बाबांनी कंदील घेऊन उंबऱ्यात बसून काढलेली. तेव्हा मी बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून विचारलं होतं, तो बिबट्या परत येईल का? आणि बाबा म्हणाले होते, त्यालाही भूक लागते गं बायो. एवढ्या एका वाक्यावर मी या नोकरीत आले असं मला कधीकधी वाटतं.

आणखी एक कबूल करायचं आहे. मार्चमध्ये मी केस कापले ते उकाड्यामुळे नाही. वणव्यात वेणीचं टोक करपलं होतं. कुणीतरी बागेतला पाला पेटवून जेवायला घरी गेलं, वारा फिरला आणि सड्यावरचं सुकं गवत धडाडून पेटलं. आम्ही चौघं, एक ब्लोअर, बाकीच्यांच्या हातात हिरव्या डहाळ्या. आगीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, बाजूने मारत जायचं, हा नियम मी पाळला होता. तरी एक झोत वळला. कातडीला काहीही झालं नाही, आई, शपथ. पण तुझ्याशी खोटं बोलले ते मनाला लागून राहिलंय.

म्हणून चांदोली. तिथे माझं काम घडायच्या आधीचं असेल. रोज सकाळी पायी गस्त, कुठे ठसा आहे, कुठे विष्ठा, कुठे कुणी तार लावलीय का ते बघत. उन्हाळ्यात पाणवठे भरलेले ठेवायचे, आग लागण्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, साफ करायच्या, जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेरा ट्रॅपची कार्डं बदलायची. मागे पंधरा दिवस सर्वेक्षणाला गेले होते, तेव्हा झोळंबीच्या सड्यावर गव्यांचा कळप धुक्यातून असा निघाला की आम्ही जागच्या जागी बसून राहिलो. उठलेल्या गावांच्या जागी आता गवताची कुरणं आहेत आणि त्यांत सांबरं चरतात. ज्यांनी घरं सोडली त्यांच्या जागेची राखण नीट झाली पाहिजे, असं मला तिथे फार वाटलं. 2004 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं, 2010 मध्ये कोयना अभयारण्यासकट सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. पण वाघ तिथे टिकून राहत नव्हता. डिसेंबर 2023 मध्ये कॅमेऱ्यात एक नर आला आणि सगळ्यांना हुरूप आला. वाघ राहायचा तर आधी सांबर, गवा, भेकर पाहिजे, आणि ते राहायचे तर फासकी लागता कामा नये. ते बघायला माणूस पाहिजे. ती माणूस मी होणार आहे.

आता बाबांच्या मनातलं. तुमच्या चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलेलं ताडोबाचं कात्रण मी पाहिलंय. 2021 च्या नोव्हेंबरमधलं. त्या वनरक्षक ताई वाघांच्या गणनेसाठी पायी निघाल्या होत्या, वाटेत वाघीण बसलेली दिसली, त्या थांबल्या, मग वळसा घालून जाताना तिनं गाठलं. आमच्यातल्या प्रत्येकीला ती बातमी पाठ आहे. धोका नाही असं मी म्हणणार नाही, तुम्हाला ते खरं वाटणारही नाही. पण एकटीनं जायचं नाही, वायरलेसवर निघाल्याची आणि पोचल्याची वेळ सांगायची, दाट झाडीत वळसा घ्यायचा नाही, आणि शंका आली की सरळ मागे फिरायचं. मागे फिरण्यात मला कमीपणा वाटत नाही. तुम्हीच शिकवलंत, उधाण बघून होडी काढायची नाही.

राहण्याची सोय चांगली आहे. वारणावतीला क्वार्टर मिळेल, पक्कं छत, शेजारी दोन कुटुंबं. गस्तीच्या दिवसांत संरक्षण कुटीत राहायचं, तिथे सोलरचा दिवा आहे, चूल आहे, सोबत वनमजूर असतात आणि ते भाकऱ्या माझ्यापेक्षा चांगल्या थापतात. पाऊस आपल्यापेक्षा जास्त, जळवा भरपूर, पण मीठ-तंबाखूची पुरचुंडी बुटाला बांधली की झालं. आतल्या भागात रेंज नाही. म्हणजे रोज फोन होणार नाही. आठवड्यातून दोनदा नक्की, बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी. एखादा वार चुकला तर घाबरून कुणाला धावायला लावू नका.

यायचं तर साखरप्यावरून आंबा घाटानं. अर्धा दिवस लागेल, फेरीबोटीसारखं नाही, मान्य आहे. पण बाबा, एक गोष्ट तुम्हालाच कळेल. उद्यानाच्या पश्चिम कडेला प्रचितगड आहे. तिथून खाली शृंगारपूर दिसतं आणि त्याच डोंगरातून आपली शास्त्री निघते. म्हणजे पावसाळ्यात खाडीला जो तांबडा लोंढा येतो, ज्यात तुम्ही मला खांद्यावर बसवून वाहून आलेली लाकडं दाखवायचात, तो माझ्या गस्तीच्या वाटेवरून आलेला असेल.

आता ऐका. विहिरीला कठडा पाऊस लागायच्या आत बांधून घ्या, चिऱ्याचा, कमरेइतका उंच, वर जाळी. पैसे मी पाठवले आहेत, ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी राखून ठेवू नका, त्याचे वेगळे आहेत. ऑपरेशन गणपतीनंतर ढकलायचं नाही. बीपीची गोळी सकाळीच, "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. आई, पहाटे पाण्याला जायचं नाही, उजाडल्यावर जा, आणि गुडघ्याचं तेल लावते म्हणतेस ते बाटली बघून मला कळतं. भाजावळ करताना वारा असेल तर काडी लावू नका, आणि विझेपर्यंत कुणीतरी तिथेच उभं राहा. खालच्या बागेत अण्णा डुकरांसाठी फासकी लावतात, त्यांना तुम्ही सांगा. माझं ऐकून ते रागावतील, तुमचा शब्द पडू देत नाहीत. डुक्कर राहतं बाजूला आणि बिबट्याच्या कमरेत तार रुतते, मी ती सोडवली आहे, त्यांना तेवढं सांगा.

मला कुळथाचं पीठ, आमसुलं आणि थोडं मेतकूट द्या. लोणचं यंदा बरणीभर, तिथल्या सगळ्यांना लागेल.

गणपतीच्या रजेचं मी आत्ताच बोलून ठेवलं आहे. हरतालिकेच्या आदल्या रात्री पोचेन. मखर बाबांनी एकट्यानं चढून बांधायला घेऊ नये, मी आल्यावर बांधू.

तुमची,
बायो

ता. क. मोठी टॉर्च कपाटावर ठेवून आले आहे. सेल नवे आहेत. रात्री मागच्या अंगणात जाताना आधी दारातूनच चारी बाजूंना प्रकाश फिरवायचा, मग पायरी उतरायची.