ती मुलगी वाचते ना?

नाशिक रोड

प्रिय मीनल,
सप्रेम जय भीम.

परवा फोनवर तू सांगितलंस, स्टँडअप बंद, आता हॉरर सिनेमा करणार. मला तेव्हा काही बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. पैशाचं विचारणार नाही, ते आई विचारेल.

तू सांगितलेला 'गेट आउट' दादाच्या लॅपटॉपवर पाहिला, मग रात्री एकट्याने परत पाहिला. त्याचा लेखक-दिग्दर्शक जॉर्डन पील तुझ्यासारखाच. 2012 ते 2015 टीव्हीवर जोडीदाराबरोबर लोकांना हसवत होता आणि 2017 मध्ये एकदम हे! भूत कुठेच नाही. गोऱ्या मुलीचा बाप तिच्या काळ्या मित्राला मिठी मारतो आणि सांगतो, ओबामांना तिसऱ्यांदाही मत दिलं असतं. मला तिथेच घाम फुटला.

पुण्याला बदली झाली तेव्हाचा आमचा घरमालकही असाच गोड होता. आम्ही जातपात मानत नाही म्हणाला, चहा दिला, ॲडव्हान्स घेतला. आडनाव पावती लिहिताना विचारलं. दुसऱ्या दिवशी पैसे परत, म्हणे गावाकडून पाहुणे येणार आहेत. तोवर आईने फरशी धुऊन काढली होती. दादा पोटात होता. ती बादली घेऊन आम्ही परत मामांकडे गेलो. रस्त्यात आई एक शब्द बोलली नाही.

हाच किस्सा तू स्टेजवर सांगायचीस. दादरला मी मागच्या रांगेत बसलो होतो, लोक पोट धरून हसत होते, मीही हसलो. त्या रात्री मला तुझा फार अभिमान वाटला. पण फरशीपाशी आलीस की तू घाई करायचीस, हेही माझ्या लक्षात आलं होतं. आता सिनेमात तिथे थांबणार आहेस, हे मला पटलं.

फक्त एक सांग. तुझ्या गोष्टीतली ती सोसायटीत भाड्याने राहायला गेलेली मुलगी, ती शेवटी वाचते ना?

पीलने आधी वेगळा शेवट चित्रित केला होता. पोलिस येतात आणि तो पोरगा तुरुंगात जातो. मग त्याने तो बदलला. गाडीचे लाल-निळे दिवे दिसले तेव्हा माझे हात गार पडले, आणि गाडीतून त्याचा मित्र उतरला तेव्हा मी दादाला हाक मारली. खरं काय घडतं ते त्या दिव्यांतच कळलं होतं. म्हणून पोराला मारायची गरज उरली नाही.

माणूस हसला की त्याला वाटतं, हे दुसऱ्याबद्दल चाललंय. घाबरला की कळतं, आपल्याबद्दल आहे. मग तो चिडतो. धमक्या येतात, केस होते, शूटिंग बंद पाडतात. तू एकटी राहतेस, रात्री उशिरा येतेस, तेव्हा वकिलाचा नंबर जवळ ठेव, पत्ता कुणाला... जाऊ दे. पुन्हा भाषण झालं. राग मानू नकोस.

त्या सिनेमाला गोल्डन ग्लोब पुरस्कारवाल्यांनी विनोदी गटात टाकलं होतं. पील म्हणाला, हा तर माहितीपट आहे. 2018 मध्ये मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं. ते मिळवणारा तो पहिला काळा लेखक. हे मी रविवारी विहारात सगळ्यांना सांगितलं, आणि माझी मुलगीही तेच काम करते आहे, असंही. नानांना अजून सांगितलेलं नाही. ते आधी विचारतील, मुलगी वाचते का. मी काय सांगू?

स्क्रिप्ट झाली की छापून कुरियरने पाठव, मोबाइलवर मला वाचवत नाही. अक्षर जरा मोठं ठेव. आईलाही वाचायची आहे, आणि त्या खोलीचा रंग कोणता होता ते फक्त तिलाच आठवतं.

तुझे,
पप्पा