ट्रेडमिल दुरुस्त करायला आलेल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. सोसायटीच्या जिममधल्या एका मशीनपाशी तुम्ही तासभर जास्त थांबलात हे तुमच्या ऑफिसात कळलं, तर पुढच्या कॉलला उशीर का झाला याचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल. वाचलंत तर तुम्ही ओळखालच. बाहेर जुलैचा धो धो पाऊस, आणि "मॅडम, जरा उतरता का?" विचारल्यावर "एवढं एक होऊ दे" म्हणत पळतच राहिलेली बाई. ती मी.

पुण्यात पावसाळ्यात पहाटे रस्त्यावर वेगाचा सराव करायचा तर खड्डे, अंधार आणि भटकी कुत्री सांभाळत घड्याळ बघावं लागतं. लाँग रन सावकाश असतो, तो निभतो. पण दम लागेपर्यंत पळताना पाय कुठे पडतोय हे कोण बघणार? म्हणून आठवड्यातला एक दिवस ट्रेडमिलचा. जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत संपवायची होती. २१.०९७५ किलोमीटर दोन तासांत, म्हणजे ताशी १०.५५ किलोमीटर, दर किलोमीटरला साधारण ५ मिनिटं ४१ सेकंद. त्यासाठी माझे इंटरव्हल, म्हणजे मध्ये थोडा दम घेत वेगाने पळायचे टप्पे, ताशी १२ च्या वेगाने चालायचे. ८०० मीटर चार मिनिटांत, मग दोन मिनिटं ७ वर जॉग, की पुन्हा ८०० मीटर.

आमच्या ग्रुपमधले काही जण ट्रेडमिलवरच्या पळण्याला पळणंच मानत नाहीत. त्यांना मी क्रिस्टीन क्लार्कचं उदाहरण देते. अलास्कातल्या अँकरेजची ही डॉक्टर, दोन मुलांची आई. तिथल्या बर्फाच्या हिवाळ्यात तिने बराचसा सराव ट्रेडमिलवर केला आणि २००० साली अमेरिकेची ऑलिंपिक मॅरेथॉन निवड स्पर्धा जिंकली. तरी मला एक कोडं पडलं होतंच. मशीनवर १२ सहज जमतात आणि मैदानावर तोच वेग घेतला की जीव जातो. घड्याळ तिसरंच काहीतरी सांगायचं, पण ते मशीनवर हाताच्या हालचालीवरून अंदाज बांधतं, त्यामुळे त्याच्यावर माझा विश्वास नव्हता.

तुम्हाला हे सहज बोलून दाखवलं. दुसरा कुणी असता तर "सवयीचा भाग आहे" म्हणून सर्व्हिस स्लिपवर सही घेऊन निघून गेला असता. तुम्ही बॅगेतून मेजरटेप आणि खडू काढलात. पट्ट्यावर एक रेघ मारलीत आणि हाताने फिरवत पट्ट्याची पूर्ण लांबी मोजलीत. भरली ३ मीटर २० सेंटिमीटर. म्हणजे वीस फेऱ्यांचे झाले ६४ मीटर. ताशी १२ ला एवढ्या अंतराला १९.२ सेकंद लागायला हवेत. रिकामा पट्टा फिरवला तर हिशोब बरोबर आला. मी म्हटलं, मग माझेच पाय कच्चे! तुम्ही हसलात. "रिकाम्यावर काय कळणार? आता तुम्ही पळा, मी मोजतो."

मी पळत असताना वीस फेऱ्यांना २०.६ सेकंद लागले. ताशी जेमतेम ११.२. माझं प्रत्येक ८०० मीटर प्रत्यक्षात पन्नासेक मीटरने कमी भरत होतं.

कारणही तुम्ही सोपं करून सांगितलंत. आमच्या मशीनचा सेन्सर मोटरच्या पुलीजवळ आहे, तो मोटर किती फिरली तेवढं मोजतो. डेक, म्हणजे पट्ट्याखालची फळी, कोरडा पडलाय आणि पट्टा सैल, त्यामुळे प्रत्येक पाऊल पडताना पट्टा रोलरवर किंचित घसरतो, आणि स्क्रीनला त्याचा पत्ताच लागत नाही. मग पट्ट्याखाली सिलिकॉन तेल, मागच्या दोन्ही बोल्टना अॅलन कीने पाव-पाव फेरा, पुन्हा मोजणी, पुन्हा पाव फेरा. इतक्या वेळा मला पळवलंत की त्या दिवशीचा व्यायाम तिथेच झाला.

जाता जाता दरडावलंत तेही बरं केलंत. सेफ्टी कीची, म्हणजे ओढली गेली की मशीन बंद करणाऱ्या किल्लीची, दोरी हँडलला गुंडाळून ठेवलेली होती, ती टी-शर्टला लावायला सांगितलीत. आणि चालू पट्ट्यावरून कडेच्या पट्टीवर उड्या मारून विश्रांती घ्यायची नाही, वेग कमी करून जॉगच करायचा. पट्ट्याला वेग पकडायला काही सेकंद लागतात, ते मी आता ८०० मीटरमध्ये धरतच नाही.

चढ मात्र मी माझ्या मनाने १ टक्का ठेवते. मशीनवर समोरून वारा कापावा लागत नाही, ती कसर तेवढ्या चढाने साधारण भरून निघते, असं जोन्स आणि डौस्ट या संशोधकांनी १९९६ साली दाखवलं होतं. माझ्यासारख्यांच्या वेगाला हा फरक फार नसतो म्हणा, पण मुंबईच्या शर्यतीत लागणाऱ्या पेडर रोडच्या चढाची धास्ती होती, तेवढाच मनाला आधार. पंखा मात्र हवाच. वारा नसला की घामाने माणूस आधी हरतो, पाय नंतर.

दुरुस्तीनंतरचे पहिले काही आठवडे कठीण गेले. खरे १२ चांगलेच झोंबले. ११.५ वर उतरले आणि गणपती होईपर्यंत तिथेच राहिले. दिवाळीनंतर कुठे १२ वर सगळे ८०० पुरे होऊ लागले, आणि मैदानावरही ८०० मीटरला चार मिनिटंच लागू लागली. जानेवारीत मुंबईत १ तास ५८ मिनिटं. पेडर रोडवर चालले नाही.

त्या तासाभराचे तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा अर्धाच टाकून पुढच्या कॉलला पळालात. म्हणून हे पत्र. मनापासून आभार, दादा.

आता खडू आणि टेप जिमच्या ड्रॉवरमध्येच असतात. तुमची रीत मी दोघा-तिघांना शिकवली आहे, आणि खिडकीजवळच्या दुसऱ्या मशीनचीही मोजणी केली. ते उलट पुढे पळतंय, १० म्हणतं आणि १०.४ ने फिरतं. कमिटीला ते पटत नाहीये. पुढच्या सर्व्हिसला तुम्हीच या.

तुमची,
"एवढं एक होऊ दे" वाली