भंडाऱ्यात लेन्स बदलू नका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

सोमवती अमावस्येला जेजुरी गडावर भंडारा उधळतानाचे फोटो काढायला पुण्यामुंबईची किती पोरं येतात ते तुम्हाला माहीतच आहे, तुमच्या पेपरातही तो पिवळाधमक फोटो येतोच. पण दुसऱ्या दिवशी त्यातली बरीच जण आम्हा फोटोवाल्यांना फोन लावून विचारतात की दादा आभाळात काळे ठिपके कसले आलेत, तर लेन्स बदलताना आत सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या भागावर, धूळ बसलेली असते, आणि तोवर कोणीतरी कॅमेऱ्याच्या आत तोंडाने फुंकर मारलेली असते नाहीतर कीबोर्ड साफ करायचा हवेचा डबा फवारलेला असतो. हे थांबावं म्हणून लिहितोय.

फुंकरीबरोबर थुंकीचे बारीक थेंब आत जातात, मग नुसती धूळ होती तिथे चिकट डाग बसतो. डब्यातला गॅस तर कधीकधी पातळ होऊनच बाहेर येतो आणि सेन्सरवरच्या काचेवर त्याचा थर राहतो. साधा रबराचा ब्लोअर घ्या, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून हवा मारा, टोक आत घालू नका. डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा असेल तर आधी बॅटरी फुल चार्ज करा कारण क्लीनिंग मोडमध्ये आरसा वर आणि शटर उघडं राहतं ते बॅटरीच्या जोरावर, मध्येच चार्जिंग संपलं तर दोन्ही खाली येणार.

धूळ आहे की नाही हे बघायला एफ १६ किंवा २२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, कोऱ्या आभाळाचा फोटो काढा, मोठ्या छिद्राच्या एफ २.८ ला तोच डाग इतका पसरट होतो की दिसतच नाही. आणि फोटोत ठिपका वर असेल तर कचरा सेन्सरच्या खालच्या बाजूला असतो, प्रतिमा आत उलटी पडते ना, त्यामुळे पोरं भलतीकडेच हवा मारत बसतात.

सेन्सरपुढची काच थरथरवून धूळ झटकायची सोय २००३ मध्ये ऑलिंपसच्या ई-१ मध्ये आली, आता बऱ्याच कॅमेऱ्यांत असते, पण ती कोरड्या धुळीपुरती. भंडारा म्हणजे हळद, तिच्यात तेलाचा अंश असतो, ब्लोअरने निघाला तर ठीक, नाही निघाला तर घरी स्वॅब (सेन्सर पुसायची काडी) घासत बसू नका, पिवळा पट्टा पसरतो आणि काचेवरच्या कोटिंगला चरा पडला की काचच बदलावी लागते आणि ते काम स्वस्तातलं नाही. सरळ जाणकाराकडे द्या.

खरं तर गडावर लेन्स बदलायचीच कशाला? खालीच एक झूम लावा, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधा आणि घरी आल्यावर बाहेरून ब्रशने झटकल्याशिवाय लेन्स काढू नका. विसर्जन मिरवणुकीतल्या गुलालालाही हेच लागू.

तुम्ही यात्रेच्या आदल्या दिवशी गाड्यांचं पार्किंग, एसटीच्या जादा गाड्या सगळं छापता, त्याच्याच खाली या चार ओळी छापाल का?

आपला,
एक फोटोग्राफर वाचक, सासवड